अवकाशातल्या इतक्या थंड ढगांतून गॅमा किरण कसे काय येतात?

शंका रास्त आहे. गॅमा किरण म्हणजे प्रकाशाचाच सर्वांत जास्त ऊर्जेचा प्रकार; उणे २६० अंशांच्या आसपास गारठलेला ढग स्वतः ते कुठून काढणार? तो काढतही नाही, नुसता मार खातो.

आमच्या फोंड्याकडे पावसाळ्याआधी अंगणावर पत्रे घालतात. रात्री वीज गेली की पाऊस दिसत नाही, पण पत्र्यावरच्या ताशावरून कळतं किती कोसळतोय ते. इथे पाऊस म्हणजे वैश्विक किरण, बहुतेक प्रोटॉनच, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे. पत्रा म्हणजे हायड्रोजनच्या रेणूंचा ढग. प्रोटॉन त्यातल्या अणुकेंद्रावर आपटला की पायॉन नावाचे अल्पायुषी कण जन्मतात. त्यातला विद्युतभार नसलेला पायॉन सेकंदाच्या एक अब्जांशाच्या कोटीव्या भागाइतकाही टिकत नाही. तो फुटतो आणि दोन गॅमा किरण सुटतात. हाच तो ताशा.

याचा उपयोग मोठा आहे. प्रोटॉन भारित असल्यामुळे आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात भरकटत येतो, कुठून निघाला ते सांगत नाही. गॅमा किरण सरळ येतो. मृग नक्षत्रातला ढग साधारण १३०० प्रकाशवर्षांवर आहे. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटर रेडिओलहरींवरून वस्तुमानाचा अंदाज बांधतात, म्हणजे पत्रा केवढा ते कळलं; मग आवाजावरून तिथल्या पावसाचा जोर काढायचा. उलटही करता येतं, पावसाचा जोर धरून आवाजावरून पत्रा मोजायचा. २००५ साली जवळच्या ढगांभोवती असा वायू सापडला जो रेडिओत नीट दिसतच नव्हता, गॅमा किरणांनी तो उघडा पाडला. मला तरी हे जास्त भारी वाटतं.

एक अडचण मात्र होती. वेगवान इलेक्ट्रॉनही गॅमा किरण काढतात, मग प्रोटॉनच कशावरून? पायॉनच्या वस्तुमानामुळे साधारण २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक) याच्या खाली गॅमा किरणांचा आलेख झपकन उतरतो. २००८ साली अवकाशात सोडलेल्या फर्मी या गॅमा किरण दुर्बिणीने आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ या दोन ताऱ्यांच्या स्फोटांच्या अवशेषांत हा उतार पकडला. निष्कर्ष २०१३ साली आला. दोन्ही अवशेष शेजारच्या ढगांना धडकताहेत, म्हणून तिथे पाऊसही मुसळधार.

हे किरण आपलं वातावरण अडवतं, त्यामुळे फर्मीला वर जावं लागलं. मृगातला तो ढग निदान साध्या प्रकाशात बघायचा असेल तर हिवाळ्यात जवळच्या एखाद्या वेधशाळेत जा आणि मृगाचा तेजोमेघ दाखवा म्हणा. दुर्बिणीत धुरकट ठिपका दिसेल. तो ढगाचा आपल्याकडचा उजळलेला कोपरा. बाकीचा प्रचंड पत्रा मागे काळोखात आहे.