फुकटची राख, नाल्याकाठची पट्टी आणि तुमची सही

नमस्कार भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. मामला असा दिसतोय, की नागपूरजवळच्या कन्हान नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या काठावर तुमची अर्ध्या एकराची खोलगट पट्टी, डिसेंबरात ठेकेदार आला, वीज केंद्राच्या राखेने फुकटात भरून देतो म्हणाला, ५०० च्या स्टॅम्पवर संमतीपत्र घेतलं ज्यात "सर्व जबाबदारी जमीनमालकाची" अशी एक ओळ घुसवली, आणि आता राख पट्टी सोडून नाल्यात सरकलीये, वरच्या शेजाऱ्याने वकिलाची नोटीस पाठवलीये आणि विहिरीचं पाणी पण बदलल्यासारखं वाटतंय. ठेकेदार म्हणतो सरकारनेच शंभर टक्के राख वापरा सांगितलंय.

त्याचं अर्धंच खरं आहे. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत वीज केंद्रांना सगळी राख वापरात आणायची सक्ती आहे, न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये पर्यावरण भरपाई लागते, म्हणून तर टिप्पर तुमच्या बांधावर फुकट येतात! पण त्याच अधिसूचनेत पुढे लिहिलंय की खोलगट जमीन राखेने भरायची तर ते मंजूर प्रकल्पासाठी, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी परवानगी घेऊन आणि केंद्रीय मंडळाच्या नियमांप्रमाणेच, आणि मंजूर जागा अन किती राख टाकायची ते राज्य मंडळाने दरवर्षी वेबसाइटवर टाकायचं. त्या यादीत तुमचा गट नंबर आहे का ते आजच बघा. तुम्ही पाठवलेल्या कागदात मंडळाचं एकही पत्र नाही, फक्त तुमची सही आहे.

दुसरं, ठेकेदार म्हणतो नाला कोरडा आहे, पाणीच नाही तर प्रदूषण कसलं. हे मी दर उन्हाळ्यात ऐकतो. १९७४ च्या जल कायद्यात प्रवाहाच्या व्याख्येतच "वाहता असो वा सध्या कोरडा" असा ओहोळ येतो, जमिनीखालचं पाणी पण येतं, म्हणजे तुमची विहीर त्यात आलीच. कलम २४ मध्ये काठ भरून जमीन तयार करायला सूट आहे खरी, आणि त्याचा वकील तीच दाखवणार, पण त्याला अट आहे की टाकलेला माल पाणी बिघडवणारा नसावा. राखेतून बोरॉन, सल्फेट, आर्सेनिक, सेलेनियम पाण्यात उतरू शकतं. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला तेव्हा राख कन्हानपर्यंत गेली होती, तुमच्या भागात हे कुणाला समजवायची गरज नाही.

आता कडू भाग. कलम २४ फक्त टाकणाऱ्याला धरत नाही, जाणूनबुजून टाकू देणाऱ्यालाही धरतं. तुमची सही आहे. ती जबाबदारीची ओळ मंडळावर बंधनकारक नाही आणि कायद्याने मनाई केलेल्या कामाचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रद्दबातलच असतो, पण आता सगळं कळल्यावर गप्प बसलात तर "मला माहीत नव्हतं" हे कोण ऐकेल? म्हणून तक्रारदार आधी तुम्ही व्हा.

ठेकेदाराला पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने लिहा की संमती मागे घेतोय, एकही टिप्पर नको. मंडळाच्या नागपूर कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, त्यात जल कायद्याच्या कलम ३३अ खाली काम थांबवायचा आदेश मागा आणि विहिरीचा नमुना मंडळाच्या माणसाने घ्यावा असं स्पष्ट लिहा, कारण कोर्टात त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सील करून घेतलेला नमुना वजनदार. खासगी लॅबमधून पण करून घ्या, फक्त बोरॉन, सल्फेट, आर्सेनिक, सेलेनियम या चार गोष्टी सांगून तपासायला लावा नाहीतर ते नेहमीचा टीडीएसचा (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत त्याचा) कागद हातात देतात. तोपर्यंत ते पाणी पिऊ नका. तलाठ्याकडून पंचनामा, आणि कुणाकडे टिप्परच्या लोडिंग पावतीचा फोटो असेल तर सोन्यासारखा जपा, राख कुठल्या केंद्रातून आली ते त्यावरच कळतं. आणि भाऊ, घाबरून पोकलेन लावून ती राख दुसरीकडे टाकू नका हं, पुरावाही जाईल आणि नवा गुन्हा होईल.

शेजाऱ्याशी भांडू नका. तो मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे नैसर्गिक प्रवाह मोकळा करून मागू शकतो, सहा महिन्यांत, आणि त्यात प्रतिवादी तुम्ही असाल. त्यापेक्षा त्याला सोबत घेऊन पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात जा. त्या न्यायाधिकरणाच्या कायद्यात कलम १४ ची मुदत पहिल्यांदा कारण घडल्यापासून सहा महिने, वर फार तर ६० दिवस मिळतात, म्हणजे डिसेंबर धरला तर जूनच्या आत अर्ज पडायला हवा. विहिरीची भरपाई कलम १५ खाली, त्याला पाच वर्षं आहेत. भरपाई न मागता अर्ज केला तर फी १००० रुपये, मागितली तर रकमेच्या एक टक्का.

नोटिशीला उत्तर देताना काही नाकारत बसू नका, संमती कशी घेतली आणि कधी मागे घेतली एवढंच लिहा, आणि संमतीपत्राची झेरॉक्स नाही, मूळ प्रत कुणाकडे आहे ते मला कळवा.