वाचकांचे प्रश्न : वारेचा नमुना, फ्रीझर आणि आठवड्यांचा हिशेब

(या वेळी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या फुफ्फुसांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांतून आलेले प्रश्न घेतले आहेत.)

प्रश्न : प्रसूतिगृहातून आणलेल्या वारेच्या नमुन्यांतला आरएनए (कोणती जनुकं चालू आहेत ते सांगणारा रेणू) वारंवार तुटलेला निघतो. तो वेगळा काढायचं किट बदलून पाहिलं, तरी तेच. – संशोधक विद्यार्थिनी, बेळगाव

पुन्हा किट बदलू नका. आरएनए बहुतेक वेळा तुटतो तो वार ट्रेमध्ये नुसती पडून राहिल्यामुळे. वार पडल्यापासून तुकडा गोठेपर्यंत किंवा आरएनएलेटरमध्ये (आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात) जाईपर्यंत सगळं काम 30 मिनिटांत उरकायला हवं. त्यासाठी कापाकापी लेबर रूमला लागून असलेल्या खोलीतच करा. बर्फाचा डबा, थंड पीबीएस (तुकडे धुवायचं क्षारांचं द्रावण), निर्जंतुक कात्री-चिमटे आणि आधीच लेबल लावलेल्या नळ्या तिथे रात्रंदिवस तयार असू द्या. लेबल लावण्यात जाणारी पाच मिनिटंसुद्धा महागात पडतात.

वार आईकडची बाजू वर करून ठेवा. त्यावरचा पातळ पापुद्रा आधी कात्रीनं काढून टाका, नाहीतर आईच्या पेशी नमुन्यात मिसळतात. नाळ चिकटते ती जागा आणि कडा सोडून चार वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे घ्या. पांढरट, घट्ट झालेला भाग घेऊ नका, पण तो दिसल्याची नोंद करा. तुकडे पीबीएसमध्ये दोन-तीनदा खळबळून रक्त काढा. आरएनएलेटरमध्ये टाकायच्या तुकड्याची जाडी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी हवी. जाड तुकड्याच्या मध्यापर्यंत द्रावण पोचायच्या आत तिथला आरएनए गेलेला असतो. द्रावण तुकड्याच्या किमान पाचपट घ्या, रात्रभर 4 अंशांवर ठेवा, मग द्रावण काढून टाकून तुकडा उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तुकडा वेगळा : 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट, 24 ते 48 तास.

प्रत्येक नळीमागे वहीत दोन वेळा लिहा, वार पडल्याची आणि तुकडा गोठल्याची किंवा द्रावणात टाकल्याची. बाळंतपण कळा येऊन झालं की कळा नसताना सिझेरियन झालं, तेही लिहा. कळांमुळे वारेतली कितीतरी जनुकं चालू-बंद होतात. उरलेली वार दवाखान्यातल्या जैव कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत.

प्रश्न : पावसाळ्यात वीज सारखी जाते. जनरेटर आहे, तरी उणे 80 चा फ्रीझर तापतो. – प्रयोगशाळा साहाय्यक, बेळगाव

इमारतीला जनरेटर आहे म्हणजे फ्रीझरच्या प्लगलाही तो आहे, असं धरून चालू नका. इलेक्ट्रिशियनला समोर उभं करून मेन स्विच पाडा आणि फ्रीझरचा दिवा लागतो का ते डोळ्यांनी पाहा. वीज परत येते तेव्हा दाब वर-खाली होतो आणि कॉम्प्रेसर तेव्हाच जळतो. म्हणून थोडा वेळ थांबून वीज सोडणारा स्टॅबिलायझर लावा. दोन फ्रीझर असतील तर ते एकदम सुरू होऊ देऊ नका. कंडेन्सरची जाळी दर महिन्याला साफ करा. मागे भिंतीला हवा खेळायला जागा हवी. वीज गेल्यावर दार उघडायचं नाही, ‘काय झालंय बघू’ म्हणूनसुद्धा नाही. आणि एका बाईचे सगळे नमुने एकाच फ्रीझरमध्ये कधीच नकोत.

आधार म्हणून द्रव नायट्रोजनचा क्रायोकॅन ठेवता येतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो खेड्यापाड्यांत वापरतात, त्यामुळे पुरवठादार जिल्ह्यातच सापडेल. पातळी दर आठवड्याला पट्टीनं मोजा. एक लिटर द्रवाचा जवळजवळ 700 लिटर वायू होतो आणि बंद खोलीत तो माणसाला गुदमरवतो. कॅन लिफ्टमधून न्यायचा तर आत माणूस नको.

प्रश्न : नाळेतलं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये 3,000 आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) फिरवतो. दोन केंद्रांचा प्लाझ्मा मात्र वेगळा दिसतो. – निपाणी

आरपीएम लिहिणं बंद करा, जी लिहा, म्हणजे नळीवर गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर पडतो ते. रोटरची त्रिज्या 10 सेंटिमीटर असेल तर 1,500 जी साठी सुमारे 3,660 आरपीएम लागतात, 16 असेल तर 2,900. दोन्ही केंद्रांवर एकच आकडा लावला म्हणजे फिरवणं एकसारखं झालं, असं होत नाही.

प्रश्न : नोंदवलेल्या बायका बाळंतपणाला हाती लागत नाहीत. ज्या लागतात, त्यांच्या आठवड्यांचा मेळ बसत नाही. – क्षेत्र-समन्वयक, खानापूर

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. नोंदणीच्या दिवशीच विचारा : माहेर कुठं, कितव्या महिन्यात जाणार, तिथल्या आशाताई कोण? माहेर चंदगड-गडहिंग्लजकडे असेल तर गरोदरपणाच्या नोंदीचं कार्ड महाराष्ट्राचं होतं आणि कर्नाटकातल्या तायी कार्डावरचा मजकूर तिकडे पोचतोच असं नाही. दोन्ही कार्डांचे फोटो घ्या. संमतिपत्र कन्नड आणि मराठी दोन्हींत हवं, आणि सही कळा सुरू होण्याआधी, घरी विचारायला वेळ देऊन.

पाळीची तारीख आकड्यात विचारली तर बाई अंदाजानं सांगते. दिनदर्शिका पुढ्यात धरून ‘संकष्टीच्या आधी की नंतर?’ असं विचारा. चौदा आठवडे पुरे होण्याआधीची सोनोग्राफी असेल तर तिच्याशी ताडून पाहा. नऊ आठवड्यांच्या आत पाच दिवसांपेक्षा जास्त आणि त्यानंतर सात दिवसांपेक्षा जास्त फरक आला, तर सोनोग्राफीची तारीख धरा. उशिराच्या सोनोग्राफीवर एवढा भरवसा नको. वाढ खुंटलेलं बाळ तिच्यात वयानं लहान दिसतं.

फुफ्फुस उघडं ठेवणारं सरफॅक्टंट 24 आठवड्यांच्या सुमारास तयार होऊ लागतं आणि साधारण 35 च्या आसपास पुरेसं होतं. मधल्या काळात दोन आठवड्यांची चूक झाली की 32 आणि 34 आठवड्यांची बाळं एकाच गटात पडतात आणि तुलनाच कोसळते. डेक्सामेथासोनची (बाळ लवकर होणार असेल तर त्याची फुफ्फुसं पिकावीत म्हणून आईला देतात त्या औषधाची) नोंदही अशीच अचूक हवी : 6 मिलिग्रॅम, 12 तासांच्या अंतरानं चार इंजेक्शनं. त्यांतली किती मिळाली आणि पहिल्यानंतर किती तासांनी बाळ झालं, हे केसपेपरवरूनच उतरवा. बाईच्या आठवणीत ‘एक सुई दिली’ एवढंच राहिलेलं असतं.