आधी तो लाल आकडा काढ

थकलेल्या मनांसाठीच्या तुझ्या कामांच्या यादीच्या ॲपचा प्रोटोटाइप पाहिला. कल्पना चांगली आहे, पण राहिलेल्या कामांपुढचा तो लाल आकडा आधी काढ. ज्याचं मन आधीच थकलंय त्याला सकाळी उठल्याउठल्या '१७ कामं बाकी' दाखवणं म्हणजे दारात वसुलीवाला उभा करणं. माझ्या पहिल्या ॲपमध्ये मीही सलग किती दिवस ॲप वापरलं याची साखळी ठेवली होती. दोन दिवसांच्या तापात ती तुटली की लोक परत ॲप उघडायचेच नाहीत! राहिलेल्या कामाबद्दल नुसतं विचार, ठेवायचं की सोडायचं? आणि 'सोडलं'चं बटणही तितकंच मोठं ठेव.

अर्धवट कामं डोक्यात घोळत राहतात, हे मानसशास्त्रज्ञ झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं. पुढे २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांना दिसलं, की काम झालं नाही तरी ते कधी, कसं करायचं हे पक्कं ठरवलं तर ती टोचणी कमी होते. म्हणून नुसतं 'रिटर्न भरणे' लिहून घेऊ नकोस. 'शनिवारी जेवणानंतर फॉर्म १६ शोधणे' इथपर्यंत माणसाला हळूच आण. ॲपचा सगळा जीव याच स्क्रीनमध्ये आहे, वेळ इथे घाल.

मूडची नोंद फोनमध्येच राहू दे, सर्व्हरवर नको. निदानाच्या भानगडीत पडू नकोस, तो आपला प्रांत नाही. मदतीच्या पानावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर ठळक दे, तिथे मराठीतही बोलता येतं.

नोटिफिकेशन दिवसाला एकच. तेही मागितलं तर.