एफ वाजत नाही म्हणून वयाला दोष देऊ नका

ताई, तुम्ही लिहिलंय की वय चाळीस, नागपूरच्या बर्डीवरून गिटार आणून तीन आठवडे झाले, बोटांची टोकं सोलून निघालीत, एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर) काही केल्या वाजत नाही, आणि आता या वयात जमेल की नाही अशी शंका येऊन राहिली. शिवाय दोन महिन्यांवर आलेल्या मुलाच्या वाढदिवसाला एक गाणं वाजवायचंय.

सुरुवातीला गिटार अवघडच जाते, कोणालाही. पेटीची पट्टी दाबली की सूर आपोआप नीट येतो. इथे एका सुरासाठी दोन्ही हात लागतात, आणि डावं बोट जरा ढिलं पडलं की नुसतं 'टक्' वाजतं. तरी तुमचा निम्मा त्रास मला गिटारचाच वाटतो.

गिटारच्या दांडीवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट; डोक्याकडून मोजत बाराव्या फ्रेटवर मोजपट्टी उभी धरा आणि सगळ्यांत जाड तार फ्रेटपासून किती उंच आहे ते बघा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. साडेतीन-चार निघाली तर मुरलेला वाजवणाराही वैतागेल. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून तीच कॉर्ड धरा. एकदम हलकं वाटलं तर नट, म्हणजे दांडीच्या डोक्याकडची तारा टेकणारी खाचांची पट्टी, उंच आहे, त्याच्या खाचा थोड्या खोल करून घ्याव्या लागतील. हे दुरुस्तीवाल्याकडूनच करा. घरी कानस फिरवली आणि खाच जास्त गेली तर मोकळी तार झणझणायला लागते. तारांचा सेट बाराचा असेल तर दहाचा घाला, हा आकडा सगळ्यांत बारीक तारेच्या जाडीचा असतो, पातळ तारांना कमी जोर लागतो.

आणि गिटार कूलरसमोर ठेवली असेल तर आजच हलवा, बाप्पा! आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही, पण त्या ओल्या हवेत लाकूड फुगतं, वरची फळी उचलली जाते आणि तारा आणखी वर जातात. गंजतात ते वेगळंच. उलट कोरड्या खोलीत लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं हाताला खुपतात. उन्हात उभ्या कारमध्ये तर ठेवूच नका, डिंक सुटून ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती वरच्या फळीवरची पट्टी, उखडतो. कूलर नसलेल्या खोलीत, केसमध्ये बंद करून ठेवली की पुरे.

बोटांचं दुखणं दोन-चार आठवड्यांत कातडी निबर झाली की जातं. रोज एकदाच तासभर बसण्यापेक्षा पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा बसा. बोट फ्रेटच्या अगदी मागे टेकवा, दोन फ्रेटच्या मधोमध दाबाल तर जोर जास्त लागतो. टोकं दुखली तर चालतं. मनगट दुखलं तर त्या दिवशी बंद.

खरं अवघड आहे ते कॉर्ड बदलणं, आणि ते मात्र तुम्ही विचारलंच नाही. नवी पोट्टी बोटं बसेपर्यंत उजवा हात थांबवतात, मग गाणं अडखळतंच. मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र किंवा ॲप, मिनिटाला साठ ठोक्यांवर लावा आणि कॉर्ड अर्धवट लागली तरी उजवा हात चालूच ठेवा. घाण वाजेल, वाजू द्या. सुरुवात ए मायनर आणि सीपासून करा. त्यात पहिली दोन बोटं जागची हलत नाहीत, फक्त अनामिका सरकते. घरचे कंटाळेपर्यंत तेवढंच करा.

एफ सध्या सोडा. पहिल्या फ्रेटवर, नटला लागून तार सगळ्यांत ताठ लागते, आणि नेमकं तिथेच एका बोटाने सहा तारा दाबायच्या. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरला तर ए मेजर होतो आणि हाताला बराच सोपा जातो. तिथे बसला की एकेक फ्रेट नटकडे सरका. तोपर्यंत एफच्या जागी एफ मेजर सेव्हन वाजवा, बऱ्याच गाण्यांत खपून जातं.

वाढदिवसाचं गाणं निवडताना आधी कॉर्ड बघा, चाल नंतर. तीनच कॉर्डचं घ्या. गाण्याचं स्केल, म्हणजे पट्टी, बी फ्लॅट निघालं तरी घाबरू नका, तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की जी, सी आणि डीच्याच आकारात वाजेल.