वेशीपर्यंत सामोरं जाणं

प्रिय पोरी,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, आणि तू बाहेरच्या बाकड्यावर. घरी येणारे म्हणतात, "धीर धर, येशू लवकर येणार आहे," आणि तुला त्या वाक्याचा राग येतो. "तो येणार असेल, पण या मंगळवारचं काय?" असं तू विचारलंयस. विश्वास कमी पडला म्हणून हा प्रश्न पडला, असं मनात आणू नकोस. थेस्सलनीका या ग्रीक शहरातली ख्रिस्ती मंडळी नवी असताना तिलाही असाच प्रश्न पडला होता, आणि त्याचं उत्तर आपल्या हातात आहे.

ती मंडळी उभी करणाऱ्या प्रेषित पौलाला त्या शहरात फार दिवस मिळाले नाहीत. तीन शब्बाथ त्यानं सभास्थानात शास्त्रावरून समजावलं. मग दंगल उसळली, जमाव त्यांना आसरा देणाऱ्या यासोनाच्या घरावर चालून गेला, आणि बंधुजनांनी पौल व त्याचा सोबती सीला यांना रातोरात बिरुयाला पाठवलं. मागे राहिली एक कोवळी मंडळी. पुढे तिच्यातली काही माणसं वारली. उरलेल्यांना धास्ती पडली की प्रभू येईल तेव्हा आपण असू, पण आपली गेलेली माणसं त्या दिवसाला मुकली. इ.स. ५० च्या सुमाराला पौलानं करिंथहून त्यांना पत्र लिहिलं. त्या पहिल्या पत्रातला चौथा अध्याय तेराव्या वचनापासून शेवटपर्यंत वाच. सहाच वचनं आहेत.

तो "रडू नका" म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढंच म्हणतो. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना, आपण त्याला उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो रडला. तेव्हा तुला कोणी "ख्रिस्ती माणसानं रडू नये" म्हटलं, तर ते शास्त्रात नाही हे मनाशी पक्कं ठेव. मेलेले मुकणार नाहीत, तेच आधी उठतील, हे पौलाचं उत्तर. आणि शेवटची आज्ञा: या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. एकमेकांचं, म्हणजे हे एकट्यानं बाकड्यावर बसून पेलायचं काम नाही. त्यावर शेवटी येते.

आता त्यातला एक शब्द जरा जवळून बघू. आपण प्रभूला 'सामोरे' होऊ, असं तिथे आहे. मूळ ग्रीक शब्द 'अपान्तेसिस'. दहा कुमारींच्या दाखल्यात वराला सामोऱ्या जा अशी हाक येते, तिथे हाच शब्द आहे. पौल कैदी म्हणून रोमला निघाला तेव्हा तिथले बंधुजन साठेक किलोमीटर बाहेर त्याला भेटायला गेले, तिथेही हाच. दोन्हीकडे माणसं बाहेर जातात ती येणाऱ्याला घेऊन परत येण्यासाठी. आपल्याकडे सीमांतपूजन असतं तसंच. वधूकडची मंडळी वराला घ्यायला वेशीवर जातात, त्याचा मान करतात आणि वाजतगाजत गावात आणतात. वेशीवर बिऱ्हाड थाटायला कोणी जात नाही. काही मंडळ्या या वचनाचा अर्थ वेगळा लावतात, त्यांच्याशी भांडू नकोस. पण मला हाच अर्थ पटतो, कारण प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायातही पवित्र नगरी खाली उतरते. देव माणसांत वस्तीला येतो आणि डोळ्यांतलं पाणी पुसतो ते इथेच.

याचा तुझ्या मंगळवारशी थेट संबंध आहे. प्रभू आपल्याला इथून पळवून न्यायला येणार असता, तर आईचं शरीर म्हणजे टाकून द्यायची वस्तू ठरली असती. पण तो उठवायला येतोय. पुनरुत्थित येशूनं शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला आणि थोमाला हातांतल्या खुणा दाखवल्या. जखमा पुसल्या गेल्या नव्हत्या, त्यांतलं मरण गेलं होतं. आईच्या हातावर फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, त्यावर रोज सकाळी बोटं टेकवून बघ. आत मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती लागली नाही तर त्याच दिवशी युनिटला फोन कर, उद्यावर टाकू नकोस. त्या हाताचं रक्तदाब मोजणं नको, त्या हातातून रक्त काढणं नको, त्या हातावर झोपणं नको. हे सगळं करताना एक ध्यानात असू दे, ज्या हाताला तू जपतेस तो प्रभू उठवणार आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल पुनरुत्थानावर सत्तावन्न वचनं लिहितो आणि अठ्ठावन्नाव्यात कामाकडे वळतो: प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत.

पंडिता रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली. आईचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम तेव्हा हातात होतं. ते थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या, आणि त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधून संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. आशा असलेल्या माणसाचा शोक कसा दिसतो, तर मला वाटतं असा.

ही आशा बिघडते कशी, तेही सांगते. थेस्सलनीकातच बिघडली होती. प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय असं कोणीतरी पसरवलं, आणि काहीजण कामधंदा सोडून दुसऱ्याच्या ताटावर बसले. काम करायची इच्छा नसेल त्यानं खाऊ नये, हे कडक वाक्य दुसऱ्या पत्रात आहे. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्याचा म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. कित्येकांनी शेतातली पिकं तशीच उभी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला. तो दिवस व ती घटका कोणालाही ठाऊक नाही, हे येशूनं स्वतः सांगितलंय. मोबाइलवर तारखेचा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नकोस.

तुझ्या घरी याहून मोठा धोका वेगळा आहे. प्रार्थना करणारं कोणी म्हणेल, "आता विश्वास धरा, मशीन सोडा." अजिबात ऐकू नकोस. एक-दोन फेऱ्या चुकल्या तरी शरीरात पाणी साठतं, ते फुप्फुसात उतरून धाप लागते, आणि रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं. प्रार्थना जरूर करून घ्या, मशीनवर असतानाही करून घ्या. आणि "कोणत्या पापामुळे हे झालं?" असं कोणी विचारलं, तर योहानाच्या नवव्या अध्यायातल्या जन्मांध माणसाविषयी येशू काय म्हणाला ते त्यांना वाचून दाखव.

आता ते चार तास. पहिला अर्धा तास काहीच वाचू नकोस. चहा घे, घरी फोन कर. मग तेरावं स्तोत्र मोठ्यानं नाही, पण ओठ हलवून वाच. पहिल्या दोन वचनांत "कुठवर" हा प्रश्न चारदा येतो. तुझा राग तिथे ओत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि देवानं तेही शास्त्रात राहू दिलंय. त्यानंतर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय, अठरा ते सत्तावीस वचनं, आठवडाभर तेवढीच. सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि आत्माही आपल्यासाठी कण्हतो. ते कण्हणं प्रसूतीच्या वेणांसारखं आहे असं पौल म्हणतो, आणि वेणांच्या शेवटी बाळ असतं. प्रकटीकरण पहिल्या पानापासून सुरू करू नकोस. थकलेल्या मनाला शिंगं आणि श्वापदं झेपत नाहीत. शेवटचे दोन अध्याय आधी वाच.

सुई टोचताना आईला प्रार्थना सुचत नाही असं तू लिहिलंस. तिला एकच शब्द दे: मारानाथा. "आमच्या प्रभो, ये." पहिल्या मंडळीचा हा अरामी शब्द पौलानं ग्रीक पत्रातही तसाच ठेवला. एका श्वासात मावतो.

प्रभुभोजन चुकवू नका. "तो येईपर्यंत" हे शब्द आपण त्या मेजावरच म्हणतो. आईला देवळाच्या पायऱ्या चढवत नसतील तर पाळकांना घरी बोलाव. प्याल्यातला घोट लहान असतो, तरी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवसाच्या पाण्याच्या मापात तो धर, म्हणजे तिला धाकधूक नको.

राहिलं ते एकमेकांचं. आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं याकोब लिहितो. म्हणजे निरोप आपण धाडायचा, त्यांना आपोआप कळेल म्हणून वाट बघायची नाही. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळकांना गाठ आणि नेमकं माग: "शनिवारच्या फेरीला माझ्या जागी सकाळी आठ ते एक बसायला कोणीतरी हवं आहे." नुसतं "प्रार्थना करा" म्हणालीस तर माणसं मान हलवून घरी जातील. वार आणि वेळ सांगितलीस तर महिला मंडळातली कोणीतरी हात वर करेल. जी येईल तिला फिस्टुलाचा हात कोणता ते दाखव, युनिटचा नंबर कागदावर लिहून दे, आणि तू घरी जाऊन झोप.

प्रभूत तुझी,
मावशी