आधी तारेचं तापमान

प्रिय,

मेल वाचला, आलेख पाहिले. सावकाश ओढलेल्या नितिनॉलच्या (ताणून सोडली की मूळ लांबीवर येणाऱ्या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूच्या) तारेचा ओढण्या-सोडण्याचा लूप मॉडेलशी छान जुळतो, वेग वाढवला की वरचा प्लॅटो, म्हणजे आलेखातला सपाट भाग, तिरका होऊन निसटतो, आणि आता तू वेगासाठी आणखी एक पॅरामीटर घालायला निघाली आहेस. घालू नकोस. आधी तारेचं तापमान मोज.

खोलीचं नव्हे, तारेचं. ताणल्यावर धातूची स्फटिकरचना बदलते, ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होतं; ते होताना ग्रॅममागे साधारण 20 ज्यूल उष्णता बाहेर पडते. सावकाश ओढलीस तर ती हवेत जाते, झटक्यात ओढलीस तर तारेतच राहते. समज, तार 20 अंशांनी तापली. या रूपांतराला लागणारा स्ट्रेस (ताण) अंशामागे 6-7 मेगापास्कल चढतो. कर गुणाकार, आणि तुझ्या आलेखातल्या तफावतीशेजारी ठेव. सोडताना उलटं: तार गार पडते, खालचा प्लॅटो आणखी खाली जातो. पटत नसेल तर बारीक तार हाताने झटकन ताणून ओठाला लावून बघ.

तू वापरतेस ते मॉडेल मांडणाऱ्या ब्रिन्सनबाईंनी 1993 मध्ये मार्टेन्साइटचे दोन वाटे केले, एक स्ट्रेसने झालेला, एक तापमानाने. तापमानाला त्या समीकरणांत जागा आहेच. तू तिथे खोलीचे 25 अंश लिहून मोकळी झालीस, यात समीकरणांचा काय दोष?

मला हेकट म्हणतात, ठाऊक आहे. थर्मोकपलशिवायच्या (तापमान मोजणाऱ्या बारीक तारांच्या जोडीशिवायच्या) चाचण्यांवर सही करायला मी एकदा नकार दिला. काम रखडलं, एक जुना मित्र दुरावला. त्याचं वाईट आजही वाटतं, नकाराचं नाही. अगं, पॅरामीटर वाढवत गेलं की काहीही जुळतं! तुझा डॅम्पर, हादरे शोषणारा भाग, भूकंपात सेकंदाला एक-दोन हेलकावे खाणार, फेरीगणिक तापणार. या तारेवर बसवलेला तुझा तो वेगाचा पॅरामीटर उद्या जाड सळईला लावलास की कोसळेल, कारण सळई उष्णता तितक्या लवकर सोडत नाही.

थर्मोकपल बारीक घे, जाड असेल तर तेच उष्णता पळवतं. एकाच जागी लावून थांबू नकोस. रूपांतर सगळ्या तारेत एकदम होत नाही, पट्टा सरकत जातो. आणि नव्या तारेच्या पहिल्या फेऱ्यांवर फिटिंग करू नकोस, तिचं वागणं अजून स्थिरावलेलं नसतं.

पुढचा आलेख पाठवशील तेव्हा स्ट्रेसच्या रेघेखाली, त्याच वेळेच्या अक्षावर, तापमानाची रेघ हवी. नसेल तर मी फाइल उघडणार नाही.

तुझा,
सर