लॅटिन सुरावटींच्या जुन्या तबकड्या घेताना

सुरुवात वाद्यवृंद-संचालक पर्सी फेथच्या 'देलिकादो'पासून करा. चाल ब्राझीलच्या वाल्दिर अझेवेदोची. फेथच्या १९५२च्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिनांच्या पुढे हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं, पण तारा छेडणारं वाद्य) खणखणतो. ते मोनोच, म्हणजे एकाच वाहिनीतलं. एलपीवर (लाँग-प्ले तबकडीवर) 'स्टिरिओ', म्हणजे दोन वाहिन्यांचं, असं छापलं असेल तर एकतर ध्वनिमुद्रण नंतरचं, नाहीतर मोनोच फिल्टर लावून दोन वाहिन्यांत वाटलेलं. 'इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड' असं बारीक अक्षरांत दिसलं की सरळ परत ठेवा, व्हायोलिनं पोकळ वाजतात.

घरी वाजवताना अ‍ॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा, खरखर बरीच उतरते. तबकडीची पारख माराकासवर, म्हणजे हातात हलवायच्या खुळखुळ्यांच्या आवाजावर करा, तीही तबकडीच्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात. 'छिक्-छिक्'ऐवजी 'फस्स' आलं तर आधी सुई पुसा, मग कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) सांगितलेलं वजन सुईवर पडतंय का ते वजनकाट्यावर बघा. वजन कमी ठेवलं की तबकडी वाचते हा गैरसमज. सुई उडते आणि खाच ओरबाडते. तरीही फस्स राहिलं तर तबकडीची खाचच झिजून गेली.